झाकणाखालचा लोणासुर आणि जगातला शेवटचा माणूस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा एसटीत बसलेत आणि इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित प्रत. बोलताना मधेमधे येणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा सिनेमा आहे 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'. १९६४ चा, ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाच्या आतला. अमेरिकेत त्याचे हक्क कधीच मोकळे झालेत, त्यामुळे यूट्यूबवर फुकट सापडतो. जग बुडालंय, माणसं रक्तपिशाच्च झालीत आणि एकच माणूस शाबूत उरलाय, अशी गोष्ट. आधीच सांगतो, मी शेवट फोडणार आहे. शेवट न सांगता या सिनेमावर बोलणं म्हणजे शेगावला जाऊन कचोरी न खाता परत येण्यासारखं आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा, बघून या, मी कुठे पळून जात नाही.

आता कोणीतरी म्हणेलच, "काहून बाप्पा, बुलढाण्यात बसून व्हॅम्पायरच्या गोष्टी?" तर बुलढाण्यात बसूनच. कारण आपल्या जिल्ह्यात एक असा राक्षस होऊन गेलाय, निदान गोष्टीत, जो जमिनीखाली राहायचा, वर झाकण लावून घ्यायचा आणि बाहेर आला की लोकांना छळायचा. लोणासुर. लोणारची पोरं ही गोष्ट शाळेत जायच्या आधी ऐकतात. विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेतलं, लोणासुराच्या दोन बहिणींकडून त्याची लपायची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला तिथेच मारलं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरातही ही गोष्ट आहे. आत्ताचं सरोवर म्हणजे त्याचं बीळ, त्यातलं पाणी म्हणजे त्याचं रक्त, आणि उडालेलं झाकण जाऊन पडलं ढाकेफळजवळ, तिथली टेकडी म्हणजे तेच झाकण.

बघा ना. शवपेटी आहे, झाकण आहे, रक्त आहे. ड्रॅक्युलाला ट्रान्सिल्व्हेनिया लागला, आपल्याला मेहकरच्या पुढे गेलं की झालं.

विज्ञान काय म्हणतं ते तुम्हाला माहीतच असेल, पण एका वाक्यात सांगून टाकतो. अवकाशातून आलेला दगड बेसाल्टवर आदळला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला, त्यात खारं पाणी साठलं. किती वर्षांपूर्वी, यावर अजून वाद आहे. कोणी पन्नास हजाराच्या आसपास म्हणतं, कोणी पाच लाखांच्या वर. म्हणजे जगबुडीचा सीनही आपल्याकडे शूट होऊन गेलाय, फक्त बघायला प्रेक्षक नव्हते.

आणि मग आला जून २०२०. आठवा तो महिना. लॉकडाऊन नुकता सैल होत होता, गावोगाव रस्त्यावर काटेरी फांद्या टाकून वेशी बंद केल्या होत्या, मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला शाळेत ठेवायचे, आणि त्याच्या डब्याला हात लावायलाही लोक कचरायचे. अशा दिवसांत लोणारचं पाणी लाल झालं. गुलाबी म्हणा, पण फोटोत लालच दिसत होतं. व्हॉट्सॲपवर जे सुरू झालं ते काय सांगू. लोणासुर जागा झाला, कलियुग संपत आलं, अजून काय काय. रात्री अकरा वाजता फॉरवर्ड वाचून खरंच अंगावर काटा यायचा. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, त्यामुळे सेटिंग तर तयारच होतं.

वनखात्यानं पाण्याचे नमुने घेतले, नागपूरला नीरीकडे आणि पुण्याला आघारकर संशोधन संस्थेकडे धाडले. आघारकरच्या लोकांनी शोधून काढलं की हे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत. मिठाची चटक असलेले. पाणी आटलं, खारेपणा वाढला, त्यांची चंगळ झाली आणि ते गुलाबी रंगद्रव्य तयार करायला लागले. तेच पाणी प्रयोगशाळेत स्थिर ठेवलं तर रंगीत गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. राक्षसाचं रक्त बाटलीच्या बुडाशी जाऊन बसलं! आणि यातला माझा सगळ्यात आवडता तपशील: तेव्हा त्या संस्थेच्या संचालकांचं आडनाव होतं ढाकेफळकर. डॉ. प्रशांत ढाकेफळकर. झाकण जिथे जाऊन पडलं ते गाव आठवतंय ना? असं स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर कोणीही म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

तर आता सिनेमाकडे.

मूळ कादंबरी रिचर्ड मॅथेसनची, 'आय ॲम लेजंड', १९५४ सालची. तिच्यावर तीन मोठे सिनेमे निघाले. पहिला हा १९६४ चा, व्हिन्सेंट प्राइसचा. मग १९७१ मध्ये चार्ल्टन हेस्टनचा 'द ओमेगा मॅन'. आणि २००७ मध्ये विल स्मिथचा, जो तुम्ही टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये निदान चार वेळा अर्धवट पाहिलाय. मॅथेसननं १९६४ च्या सिनेमाच्या पटकथेवर काम केलं होतं, पण जे बनलं ते त्याला पटलं नाही, म्हणून श्रेयनामावलीत स्वतःचं नावसुद्धा लावलं नाही, लोगन स्वॉन्सन असं टोपणनाव लावलं. मला मात्र तिन्हींत हाच जवळचा वाटतो. गरीब सिनेमा आहे. कमी पैशात, रोममध्ये शूट केलेला, आणि तेच अमेरिका म्हणून दाखवलंय. पण ती गरिबीच त्याला लागू पडलीय.

कथा अशी. जगभर साथ आली. जे मेले ते रात्री उठून फिरायला लागले. एकटा डॉ. रॉबर्ट मॉर्गन वाचला. त्याचा अंदाज असा की पूर्वी पनामात असताना त्याला वटवाघूळ चावलं होतं, त्यातून रक्तात काहीतरी तयार झालं आणि तो तरला. त्याचा दिवस कसा जातो? सकाळी उठतो, भिंतीवर हातानं काढलेल्या कॅलेंडरवर खूण करतो. दारावरचा लसूण सुकलाय का बघतो. आरसे नीट लावतो. लेथवर लाकडाचे सुळे घासतो. मग गाडी काढून शहरात जातो, दिवसा झोपलेल्या पिशाच्चांना एकेक करून मारतो, प्रेतं नेऊन मोठ्या धुमसत्या खड्ड्यात टाकतो आणि अंधार पडायच्या आत घरी येतो. रात्री ती सगळी दाराशी येतात, दगड मारतात, त्याला नावानं हाका मारतात. हाक मारणारा कोण? त्याचाच जुना सहकारी, बेन कॉर्टमन. ती भुतं जोरात पळत नाहीत, उडत नाहीत, दार तोडायचीही ताकद त्यांच्यात नाही. फक्त हाका मारतात. आणि हा आत रेकॉर्ड लावून बसतो.

हॉरर म्हणून हे फार घाबरवत नाही, खरं सांगतो. घाबरवतं ते दुसरंच. मधे एक मोठा फ्लॅशबॅक आहे. साथ नुकती सुरू झालीय. सरकारचा आदेश असा की मेलेल्या माणसाला पुरायचं नाही, लष्कराच्या ट्रकमधून नेऊन त्या खड्ड्यात जाळायचं. मॉर्गनची लहान मुलगी जाते, तिला ट्रकमध्ये टाकून नेतात, तो मागे धावतो, पोचेपर्यंत उशीर झालेला. मग बायको जाते. तिला तो कोणाला न सांगता, रात्रीतून नेऊन स्वतः पुरतो. आणि त्या रात्री ती दारात येते. जो माणूस २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या माणसाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबून बघून आलाय, त्याला मी हा सीन समजावून सांगायची गरज नाही.

या सिनेमाचा वंश फार वाढला, हेही सांगायला पाहिजे. जॉर्ज रोमेरोनं १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला, आणि मॅथेसनच्या कादंबरीवरूनच सुचलं हे त्यानं लपवलं नाही. आज झॉम्बी म्हणून जे काही तुम्ही मोबाइलवर बघता, गेममध्ये मारता, त्या सगळ्याचं मूळगाव हे. स्टीफन किंग मॅथेसनला गुरुस्थानी मानतो. किंगनं अख्खं गाव पिशाच्च होण्याची कादंबरी लिहिली, 'सेलम्स लॉट', आणि आपल्या नारायण धारपांनी तिचा धागा मराठीत आणला, 'लुचाई'. 'तुंबाड' बघून धारपांचं नाव ज्यांना पहिल्यांदा कळलं त्यांनी लुचाई जरूर मिळवा. जिल्हा ग्रंथालयाच्या कपाटात सापडायची शक्यता आहे, बाइंडिंग फाटलेलं असेल, पण सापडेल.

आता शेवट.

मॉर्गनला एक दिवस भर उन्हात एक बाई दिसते, रूथ. उन्हात फिरते म्हणजे ती चांगली माणूस, नाही का? तो तिला घरी आणतो, लसूण दाखवतो, ती दचकते. मग उलगडतं. तिलाही लागण झालेली आहे. पण तिच्यासारख्या बऱ्याच जणांनी एक इंजेक्शन शोधून काढलंय, त्यानं आजार दबून राहतो. बरा होत नाही, पण माणूस माणसासारखा जगू शकतो. ते लोक नव्यानं समाज उभा करतायत. आणि ते एका माणसाला प्रचंड घाबरतात. कोणाला? मॉर्गनला. कारण हा रोज सकाळी लाकडी सुळे घेऊन निघतो आणि झोपलेल्यांना मारत सुटतो. त्यातले काही मेलेले होते, काही जिवंत होते, औषधावर होते, कोणाचे तरी नवरे होते, कोणाच्या बहिणी होत्या. यानं कधी थांबून तपासलंच नाही.

तो स्वतःचं रक्त देऊन रूथला बरंही करतो. म्हणजे इलाज त्याच्या अंगातच होता. पण तोवर त्या नव्या समाजाची माणसं काळे कपडे घालून पोचलेली असतात, आणि चर्चमध्ये त्याला भाल्यानं मारतात.

कादंबरीचं नाव 'आय ॲम लेजंड' आहे ते यामुळेच. जुन्या जगात पिशाच्च ही दंतकथा होती. नव्या जगात तो एकटा उरलेला माणूस हीच दंतकथा. पोरांना जेवताना घाबरवायची गोष्ट. विल स्मिथच्या सिनेमानं नेमकं हेच फिरवून टाकलं. थिएटरमध्ये जो शेवट दाखवला त्यात तो ग्रेनेडनं स्वतःला उडवतो, औषध बाहेर पोचतं, हिरो महान. नावाचा अर्थच उलटा झाला. त्याचा दुसरा शेवट डीव्हीडीवर आला होता, आता यूट्यूबवरही मिळतो. त्यात त्या प्राण्यांचा म्होरक्या फक्त आपल्या जोडीदारणीला परत न्यायला आलेला असतो, आणि विल स्मिथ भिंतीवरचे फोटो बघतो, आपण प्रयोगात किती जणांना मारलं ते. तो खरा शेवट. चाचणी प्रेक्षकांना आवडला नाही म्हणून बदलला म्हणे. प्रेक्षकांचं काय, आपल्याला आपणच राक्षस निघालेलो कुठे आवडतं?

हे सगळं आज मी का काढलंय? कारण जानेवारी २०२५.

शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासची गावं. डिसेंबरच्या शेवटापासून लोकांचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कंगव्यात येतात तसे नाही. आधी डोकं खाजायचं, मग केस हाताला नुसते पुंजक्यानं यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारे, कोणीही. पुढे आकडा १८ गावांत २७९ जणांपर्यंत गेला. आणि देशभरच्या चॅनलवर पट्टी फिरायला लागली: 'टक्कल व्हायरस'. व्हायरस कोणी पाहिला होता? कोणीही नाही. पण नाव पडलं.

नाव पडलं की पुढचं आपोआप होतं. कटिंगवाले हात लावायला तयार नाहीत, सोयरीक जुळत नाही, पाहुणे येत नाहीत, या गावचा आहे म्हटलं की शेजारचा सरकून बसतो, अशा बातम्या तेव्हा रोज छापून येत होत्या. त्या भागातल्या एका मुलानं मला तेव्हा मेसेज केला होता, त्याचं नाव घेत नाही. तो बाहेरगावी शिकतो. त्याचे केस शाबूत होते. तरी होस्टेलच्या खोलीतल्या पोरांनी त्याला विचारलं, "तू घरी जाऊन आला काय रे?" त्यानं दिवाळीनंतर घर पाहिलं नव्हतं. "नाही" म्हणाला, आणि मग महिनाभर खरंच गेला नाही. आईचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचा.

आपल्याकडे साथ आली की वेशीबाहेर काढायची जुनी रीत आहे. मरीमायचा गाडा सजवायचा, वाजतगाजत गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. मग पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या शिवेवर सोडायचा. रोग जायचा कुठे? कुठेच नाही, फक्त शेजाऱ्याच्या हद्दीत. २०२५ मध्ये गाडा नव्हता, मोबाइल होता, एवढाच फरक.

मग शोधाशोध. आधी संशय शाम्पूवर. मग बुरशीवर. मग पाण्यावर, आणि हा संशय अगदी हवेतला नव्हता. तो सगळा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि खाली संग्रामपूर-जळगाव जामोदकडे किडनीच्या आजाराचं दुखणं वर्षानुवर्षांचं आहे. तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पण तसं पाणी तर तिथली माणसं कितीतरी वर्षं पीत आलीत, मग केस याच डिसेंबरात कसे गेले? आयसीएमआरची पथकं आली, रक्त, लघवी, केस, माती, सगळ्याचे नमुने गेले.

आणि एक माणूस स्वतःहून आला. डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडचे. विंचू चावून कोकणात पोरं मरायची, त्यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे ज्यांनी दाखवून दिलं, ते पद्मश्री बावस्कर. त्यांनी गावातल्या घरांतून नमुने घेतले, स्वतःच्या खिशातून पैसे घालून ठाण्याच्या खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यांच्या तपासणीत बोट गेलं सेलेनियमवर. रक्तात, लघवीत, केसांत, सगळीकडे ते कितीतरी पटींनी जास्त. आणि ते आलं कुठून? रेशनच्या गव्हातून. पंजाबकडून आलेला गहू. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला, होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात, जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे मातीच्या अभ्यासकांना फार आधीपासून ठाऊक आहे.

जरा हिशोब करू. सेलेनियम शरीराला लागतं, पण किती? दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. ४०० च्या वर रोज गेलं की त्रास. बावस्करांना गव्हात किलोमागे १४ मिलिग्रॅमच्या वर सापडलं. दिवसाला पाव किलो पीठ पोळ्यांतून पोटात गेलं, आपल्याकडे शेतात राबणाऱ्याचं सहज जातं, तर झाले साडेतीन हजार मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या जवळजवळ नऊ पट, तेही रोज. धुऊन? धुतलेल्या गव्हातही १३ च्या वरच निघालं. दाण्याच्या आतच आहे, धुऊन कसं जाणार!

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा ज्वारीचा मुलूख. माझ्या आजीच्या वेळी गव्हाची पोळी सणाला. शेतात ज्वारी होती, घरात भाकर होती, कडबा जनावराला होता. मग कपाशी आणि सोयाबीननं शेत भरलं, ज्वारी गेली, आणि ताटात काय पडणार ते हजार-दीड हजार किलोमीटरवरची माती ठरवायला लागली. ज्याच्या घरी दोन पैसे जास्त, तो बाजारातून निवडून गहू आणतो. जो रेशनवर आहे त्याला जे पोतं फुटलं ते. म्हणून टक्कल कोणाच्या डोक्यावर पडलं ते बघा. पिशाच्चाला घर निवडता येत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

आता मॉर्गनकडे परत या. कादंबरीतला नायक डॉक्टरही नाही, साधा कामगार. ग्रंथालयातून पुस्तकं आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो, पहिला मोडका निघतो, दुसरा आणतो, आणि शेवटी काचेवर त्याला तो जिवाणू दिसतो. मला तो प्रसंग सगळ्या हाणामारीपेक्षा थरारक वाटतो. पिशाच्च म्हणजे आजारी माणूस, हे त्याला कळतं. आणि कळूनही तो दुसऱ्या दिवशी सुळा घेऊन निघतो! कारण सवय. कारण रोजचं काम. बावस्करांच्या गव्हाचे आकडे आले तेव्हा फेब्रुवारी होता, आणि तोवर आपण सगळ्यांनी ते टकले फोटो एकमेकांना पाठवून हसून झालं होतं. रेशनच्या पोत्याचा फोटो कोणी फॉरवर्ड केला? मला तरी एकही आला नाही.

बऱ्याच जणांचे केस परत आले. एप्रिलमध्ये त्याच गावांतल्या काहींची नखं गळायला लागली. सेलेनियम जास्त झालं की केसांनंतर नखं जातात, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहेच. पण तेव्हा चॅनलच्या गाड्या फारशा दिसल्या नाहीत. टकलावर मीम बनतं, नखावर काय बनणार.

तर सिनेमा बघा. शक्यतो रात्री, हेडफोन लावून. बाहेरून बेन कॉर्टमन हाका मारतो ना, "मॉर्गन, बाहेर ये," तेव्हा त्याचा आवाज नीट ऐका. त्यात धमकी कमी आहे, ओळख जास्त आहे. आणि मला सांगा, रूथ घरात आल्यावर लसूण पुढे करणाऱ्या मॉर्गनच्या बाजूनं तुम्ही होतात की रूथच्या. शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्याकडच्या मंडळींनी व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात नावं न घेता लावेन. पुढचा भाग 'लुचाई'वर आहे, पुस्तक हाती लागलं तर.